आडनावाचा रकाना

बडनेऱ्याहून निघालेली गाडी मूर्तिजापूर ओलांडून पुढे गेली तरी माझे अर्जाचे पहिले पान भरून झाले नव्हते. मोबाईलला रेंज होती, बॅटरी होती, खिडकीजवळची जागाही मिळाली होती. अडले होते ते एका रकान्यात. त्याच्यापुढे लाल चांदणी होती, म्हणजे तो रिकामा ठेवता येत नव्हता. आडनाव.

आमच्या वऱ्हाडातल्या बहुसंख्य मुसलमानांना आडनाव नसते. शेख, सय्यद, मिर्झा असते, पण ते नावाच्या आधी लागते आणि बापाच्या नावाआधी पुन्हा लागते. शेख करीम शेख रहीम. मुलगा करीम, बाप रहीम, शेख दोघेही. कारकुनाला तीन खण भरायचे असतात आणि आमच्याकडे चार शब्द असतात. मग कुणी पहिला शेख आडनावाच्या खणात टाकतो, कुणी दुसरा, कुणी ‘शेख रहीम’ हेच आडनाव समजतो. एकाच माणसाची आधार कार्डावर एक, रेशन कार्डावर दुसरी आणि बँकेच्या पासबुकावर तिसरी अशी तीन माणसे होतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. दाखल-खारीजच्या रजिस्टरात नावे लिहिण्याचे कामही बरीच वर्षे माझ्याकडे आहे. मुलाचे नाव लिहिताना मी त्याच्या बापाला बसवून सगळे कागद एका ओळीत लावते आणि मगच पेन उचलते. आणि स्वतःच्या अर्जात मात्र मीच अडकले होते. माझी दहावीची सनद एक सांगते, बी.एड.ची दुसरे आणि पॅन कार्ड तिसरे.

शेवटी अकोला स्टेशन येईपर्यंत मी ‘शेख’ टाकून मोकळी झाले.

अर्ज होता मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा, मास्टर ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी. स्टाफरूममध्ये ही बातमी फुटली तेव्हा पहिला प्रश्न आला, “या वयात डॉक्टर?” मी म्हटले, डॉक्टर नाही. “मग नर्स?” नर्सही नाही. मग दवाखान्यात उरते कोण, असा त्यांचा चेहरा. आपल्या समाजात दवाखाना म्हटले की दोनच खुर्च्या दिसतात. मुलगी हुशार असेल तर एम.बी.बी.एस., तिथे नंबर लागला नाही तर बी.यू.एम.एस., आणि तेही नाही झाले तर डी.एड. करून घरी. पण औषधे संपण्याआधी मागवायची कुणी, कोणत्या वॉर्डात किती खाटा रिकाम्या आहेत ते सांगायचे कुणी, सुया आणि रक्ताने भिजलेले बोळे वेगळ्या रंगाच्या पिशवीत गेले की नाही ते पाहायचे कुणी, बिल कसे लावायचे, रांग कशी लावायची, रुग्णाची फाईल दहा वर्षांनी सापडेल अशी कुठे ठेवायची, हे सगळे शिकवणारी पदवी असते आणि तिला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, हे मलाही पस्तिशीपर्यंत ठाऊक नव्हते.

ते ठाऊक होण्याआधी मला त्याची गरज ठाऊक झाली होती.

फेब्रुवारी २०१३. माझे माहेर अकोल्याचे, सासर अमरावतीचे. अब्बांचे अकोल्यात गादी-रजईचे छोटे दुकान. घराण्याचा धंदाच तो, कापूस पिंजण्याचा. एका पहाटे त्यांच्या छातीत दुखायला लागले. चार दिवसांनी डॉक्टरांनी सांगितले, बायपास करावी लागेल. मी तेव्हा पंचविशीत, नुकतीच नोकरीला लागलेली, म्हणजे बिनपगारी. मला एवढेच माहीत होते की सरकारची एक नवी योजना आली आहे, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, आणि तिच्यात हृदयाचे ऑपरेशन फुकट होते. अमरावतीत तिचे फलक लागले होते. केशरी रेशन कार्ड चालते, असे त्यावर लिहिले होते. अब्बांचे कार्ड केशरीच होते. मी भावाला फोन करून सांगितले, “अब्बाकू लेके आओ, सब मुफ्त में होता.”

ते आले. दवाखान्यात योजनेचे टेबल होते, मागे आरोग्यमित्र बसला होता. माणूस सभ्य होता. त्याने कार्ड हातात घेतले, उलटले, आणि म्हणाला, “ताई, हे कार्ड अकोल्याचं आहे.”

तर हिशेब असा होता. ही योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई आणि मुंबई उपनगर. त्यात अमरावती होती, अकोला नव्हता. उरलेल्या महाराष्ट्रात ती आली नोव्हेंबर २०१३ मध्ये. मुलगी योजनेत होती आणि बाप नव्हता. मधले अंतर शंभर किलोमीटरही नाही. त्या दिवशी मला त्या आरोग्यमित्राचा राग आला. आज येत नाही. योजना कुठून तरी सुरू करावी लागते आणि जिथून सुरू होते तिथे एक रेघ ओढली जाते, हे मला आता समजते. पण त्या रेघेवर उभ्या असलेल्या माणसाला ती रेघ अगोदर कुणी दाखवत नाही. अकोल्याहून गाडी करून, छातीवर हात धरून माणूस येतो आणि मग त्याला कळते.

ऑपरेशन नागपूरला झाले, पैसे भरून. अम्मीच्या बांगड्या गेल्या, दुकानाच्या मागची खोली गेली, आणि मामूंकडून घेतलेली रक्कम आम्ही भाऊ-बहिणींनी पुढे पाच वर्षे फेडली. अब्बा त्यानंतर सहा वर्षे जगले. दुकानात बसून गिऱ्हाइकांशी भांडण्याइतके चांगले जगले.

या प्रकरणातून मला एक सवय जडली. मी योजनांचे कागद वाचू लागले. शासनाचे निर्णय वाचणे हा काही आनंदाचा छंद नाही, पण एकदा ती भाषा समजू लागली की माणूस बिघडतो. कोणत्या कार्डाला काय मिळते, चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्हे कोणते आणि तिथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला सवलत कशी मिळते, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा म्हणजे नेमके काय, हे मला पाठ झाले. २०१७ मध्ये योजनेचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. तेव्हा मोहल्ल्यातल्या अर्ध्या लोकांना वाटले की जुनी योजना बंद पडली. नाव बदलले आहे, योजना चालू आहे, हे मी किती दरवाज्यांवर सांगितले असेल! रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर कुणी ना कुणी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेले असे. “बाजी, जरा देखो ना, नाम गलत है बोलते.” नव्वद टक्के वेळा भानगड त्या नावाचीच. रेशन कार्डावर ‘बी’ आहे, आधारवर ‘बानो’ आहे. आधारवर शेख पुढे आहे, कार्डावर मागे. माणूस तोच, दुखणेही तेच, पण संगणकाला दोन माणसे दिसतात. एका खालाच्या डायलिसिसचे तीन दिवस असेच गेले. कोणत्या दवाखान्यात, ते लिहीत नाही. तिथल्या मुलीनेही जे स्क्रीनवर दिसले तेच सांगितले होते.

सासूबाई म्हणायच्या, “या कामाचे पैसे घेतले असते तर वरचा मजला चढला असता.”

मग कोरोना आला. अकोल्यात पहिला रुग्ण सापडला तो एप्रिल २०२० मध्ये, बैदपुऱ्यात. माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. त्या काळात आमच्या मोहल्ल्यांविषयी जे बोलले गेले ते आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. मला दुसरी गोष्ट सांगायची आहे. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली आणि शिक्षकांच्या ड्यूट्या लागल्या. ऑक्सिमीटर, कपाळावर धरायची ती बंदूक आणि एक तक्ता. माझ्याकडे अमरावतीतला नागपुरी गेटकडचा भाग आला. दरवाजे उघडत नव्हते. नागरिकत्वाच्या कागदांची धास्ती त्या हिवाळ्यापासून लोकांच्या मनात बसली होती. नाव, वय आणि घरात किती माणसे असे विचारणारा प्रत्येक जण त्यांना त्याच कामाचा वाटायचा. एका घरातून बाईंनी दार न उघडता सांगितले, “हमारे इधर कोई नहीं रहता.”

मी तक्ता पिशवीत घातला आणि मशीन बाहेर काढले. म्हटले, नाव नको, फक्त बोट द्या. ओट्यावर बसले, आधी स्वतःचे बोट लावून आकडा दाखवला. मुले जमली, मुलांमागे आया आल्या, आयांमागे म्हातारे. बोट लावल्यावर त्यांचे आकडे लिहून घेतले, आणि मग नावे त्यांनीच सांगितली. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकांनी विचारले, तुमचाच तक्ता कसा भरला? मला सांगता आले नाही. त्यांनी तक्ता आधी ठेवला होता आणि मशीन नंतर. मी उलटे केले, इतकेच. पुढे २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा त्यातल्याच दोन म्हाताऱ्यांना त्यांच्या मुलांनी वेळेवर दवाखान्यात नेले, कारण ८८ हा आकडा वाईट असतो हे त्यांना ओट्यावर कळले होते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात एका खाजगी इस्पितळात नर्स आहे. ईदला घरी आली होती. हे सगळे ऐकून म्हणाली, “बाजी, हमारे यहाँ इसका डिपार्टमेंट है. जो लोग ये करते, उनको डॉक्टरसे कम तनखा नहीं.” तिने मोबाईलवर संस्थांची नावे दाखवली. जयपूरची, पुण्याची, दिल्लीची. खाजगी ठिकाणची फी पाहून मी मोबाईल परत दिला. मग टाटा संस्थेचे पान उघडले. तिथली एक गोष्ट वाचून मला उगीचच धीर आला. १९३६ मध्ये ही संस्था सुरू झाली ती देवनारच्या आजच्या हिरव्या आवारात नव्हे, तर भायखळ्याजवळ नागपाड्यात, नागपाडा नेबरहूड हाऊसमध्ये. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी तिचे पहिले संचालक. नागपाडा! माझ्या चुलत मामूंचे मुंबईतले घर तिथेच होते. जिथे उभे राहायला आपले नातेवाईक आहेत तिथून निघालेली संस्था म्हणजे अगदीच परकी नाही, असा माझा तर्क. तर्क कच्चा होता, पण अर्ज भरायला तेवढा पुरला.

आता जातीचा दाखला. हा मजकूर लांबेल, पण लांबू द्या, कारण या वाटेवर मला जे सापडले ते आणखी कुठे सापडले नसते. आमचे घराणे पिंजारी. महाराष्ट्रात पिंजारी इतर मागासवर्गात येतात. पण माझ्या आणि अब्बांच्याही शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात लिहिले आहे ‘मुसलमान’. ज्या गुरुजींनी लिहिले त्यांनी धर्म आणि जात एकच धरली. आमच्या वडीलधाऱ्यांनीही दुरुस्त केले नाही. उलट अनेकांना त्यात अभिमान वाटायचा, की आमच्यात जात नसते. नसती तर बरे झाले असते. सोयरीक जुळवताना ती कशी काय सापडते, हे विचारायचे नसते. दाखला हवा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. तो मिळाला तर मिळतो कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत.

शौहर दुकान बंद ठेवून माझ्यासोबत आले. बाळापूर तालुक्यातले आमचे मूळ गाव. रेकॉर्ड रूममधल्या वयस्क कर्मचाऱ्याने कापडात बांधलेली रजिस्टरे काढली. अब्बांचा जन्म १९५२ चा, पण त्यांनी चुकून पहिल्यांदा फारच जुने बाड उघडले. काही पाने मोडीत, काही बाळबोधीत. ते बंद करणार तेवढ्यात मी हात मध्ये घातला. पान १९१८ च्या अखेरचे होते. नाव, जात, वय, मृत्यूचे कारण. ताप. ताप. ताप. खाली सगळीकडे फक्त दोन टिंबे, म्हणजे वरीलप्रमाणे. महार, कुणबी, मुसलमान, माळी, पिंजारी, पुन्हा कुणबी. एका पानावर तीन वर्षांच्या आतली सहा मुले.

तो त्या वर्षीचा इन्फ्लुएंझा होता. हिंदुस्थानात त्याने कोट्यवधी माणसे नेली, आणि ज्या प्रांतांत सर्वांत जास्त मृत्यू झाले त्यांत आपला मध्यप्रांत-वऱ्हाड होता. हे मी नंतर वाचले. त्या खोलीत उभी असताना मला एवढेच वाटले, की गावात डॉक्टर नव्हता, औषध नव्हते, काहीच नव्हते, तरी कुणीतरी रोज बसून हे लिहीत होते. रोज मरणारी माणसे त्याच्या ओळखीची होती. शेवटी शेवटी त्याचे अक्षर बिघडत गेले आहे.

अब्बांच्या जन्माची नोंद दुसऱ्या बाडात सापडली. बापाचे नाव, जात पिंजारी. नक्कल मिळाली, पण दाखला व्हायला पुढे बरेच महिने लागले आणि पहिल्या वर्षी मी खुल्या गटातूनच अर्ज केला.

एक गंमत येथेच सांगून टाकते. पिंजारी लोक स्वतःला मन्सुरी म्हणवून घेतात, सूफी मन्सूर हल्लाज यांच्या नावावरून. हल्लाज म्हणजेच कापूस पिंजणारा. परीक्षेसाठी वाचताना मला कळले की कैरोत १२८४ साली सुलतान कलाऊनने जे प्रसिद्ध इस्पितळ बांधले त्याचे नावही मन्सुरी. गरीब-श्रीमंत कुणीही यावे, बरे होईपर्यंत राहावे, खर्च वक्फच्या उत्पन्नातून, आणि हे सगळे दस्तात लिहून ठेवलेले. अर्थात त्या नावाचा आमच्याशी संबंध नाही. सुलतानाचा किताबच अल-मलिक अल-मन्सूर होता. तरी मी ही गोष्ट मावशीच्या घरी सांगितली तेव्हा मावसभाऊ लगेच म्हणाला, “देखा, हमारेच लोगोंने बनाया.” आपल्याकडे इतिहास असाच पसरतो. त्या इस्पितळात वक्फचा हिशेब कोण तपासत होते, हे मात्र त्याने विचारले नाही, आणि मला नेमके तेच जाणून घ्यायचे होते.

अर्जासोबत लिहायचे होते की तुम्हाला हे का शिकायचे आहे. मी आधी उर्दूत लिहिले. उर्दूत ते फार सुंदर झाले. खिदमत, दर्दमंदी, इन्सानियत, सगळे आले. मराठीत आणले तेव्हा निम्मे शब्द गळाले. इंग्रजीत आणले तेव्हा एकच वाक्य उरले, की मला गरिबांची मदत करायची आहे. ते वाक्य मी तीन दिवस पाहत बसले. हे तर कुणीही लिहील. मग ते खोडले आणि १९१८ च्या पानाबद्दल लिहिले, ओट्यावरच्या ऑक्सिमीटरबद्दल लिहिले, आणि अब्बांच्या केशरी कार्डाबद्दल. इंग्रजी मोडकेच होते. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी काळे-अव्यय दुरुस्त केले आणि विचारले, “मॅडम, ये सब सच है?”

लेखी परीक्षा २०२३ च्या सुरुवातीला दिली, नागपूर केंद्रावर. शंभर मिनिटांत शंभर प्रश्न, चुकीला गुण वजा नाहीत. माझ्या आजूबाजूला माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची मुले. सामान्य ज्ञान बरे गेले. गणितात वेळ गेला. इंग्रजीत जे यायचे ते आले. नाव पुढच्या फेरीत लागले. मुलाखत ऑनलाइन. पंखा आवाज करतो म्हणून बंद केला होता, आणि शौहर दोन्ही मुलांना घेऊन जिन्यात बसले होते.

पहिला प्रश्न अपेक्षित होता, शाळा सोडून दवाखाना का? दुसरा नव्हता. सकाळी नऊ वाजता बाह्यरुग्ण विभागात तीनशे माणसे रांगेत आहेत, काय कराल? माझ्या तोंडून निघाले, “जूनमध्ये शाळेत प्रवेशाच्या दिवशी करते तेच.” मग सांगितले. आधी रांगेतच फिरून विचारायचे, कोण पहिल्यांदा आले आहे आणि कोण जुने. जुन्यांची खिडकी वेगळी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी दारातच एक माणूस, खिडकीवर नव्हे. कारण खिडकीपर्यंत पोहोचून ‘कागद चुकीचा’ हे ऐकण्यात त्याची मजुरी गेलेली असते. त्यांनी मान हलवली. मग विचारले, तुमच्या समाजाच्या आरोग्याची स्थिती कशी आहे? मी म्हटले, सर्व बाबतीत वाईट, असे लोक गृहीत धरतात. पण सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमानांमध्ये बालके जगण्याचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा चांगले आढळले आहे. त्याचे कारण शोधण्यापेक्षा आपण दुःखाची यादी करण्यातच जास्त वेळ घालवतो. हे बोलून गेले आणि मीच घाबरले. त्यानंतर एका मॅडमनी खर्चाचा प्रश्न विचारला. दहा खाटांचा विभाग सुरू केला तर तो तोट्यातून कधी बाहेर येईल, कसे काढाल? मला काहीच आले नाही. मी गप्प बसले. ते मौन अर्ध्या मिनिटाचे असेल, पण जिन्यातून मुलाचा आवाज आला, “हो गया क्या?”, आणि तो त्यांनाही ऐकू गेला.

प्रतीक्षा यादीत नाव लागले, पुढे सरकले नाही.

दुसऱ्या वर्षी संस्थेने आपली परीक्षा बंद करून केंद्राची सीयूईटी-पीजी घ्यायला सुरुवात केली. २०२४ ची ती परीक्षा मार्चमध्ये आली, रमजानमध्ये. रोजा ठेवून दिली. या वेळी मी वर्षभर जमाखर्च शिकले होते, शौहरच्या दुकानाच्या वह्यांवर. दुकान तोट्यात आहे, हेही त्यातच कळले. जातीचा दाखलाही हाती होता. पुन्हा मुलाखत झाली आणि जूनमध्ये निवडीचा ई-मेल आला.

मी गेले नाही.

हे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला आहे. लोक समजतात शौहरने अडवले, किंवा सासूबाईंनी. दोघांनीही अडवले नाही. शौहर तर वसतिगृहाची चौकशी करून आले होते. अडले ते आमच्या शाळेत. ती कित्येक वर्षे विनाअनुदानित होती. मी तिथे मुलांना शिकवले आणि संसार शिकवण्यांवर चालवला. २०२० मध्ये २० टक्के अनुदान मिळाले, २०२३ च्या सुरुवातीला टप्पा वाढून ४० टक्के झाले. व्यवस्थापनाकडे दोन वर्षांची बिनपगारी रजा मागितली. अध्यक्ष म्हणाले, रजेची तरतूद आम्हाला माहीत नाही, राजीनामा द्या. राजीनामा दिला की वैयक्तिक मान्यता गेली. मान्यता गेली की अकरा वर्षे गेली. दोन वर्षांनी हाती पदवी असेल आणि मी चाळिशीच्या उंबरठ्यावर असेन, आणि अमरावती-अकोल्यातले कोणते इस्पितळ एका उर्दू शाळेच्या मास्तरणीला प्रशासकाच्या खुर्चीत बसवेल? पुण्या-मुंबईत बसवेल, पण मग हे सगळे मी कुणासाठी शिकणार होते? असे सगळे मी घरी समजावून सांगितले. सगळ्यांना पटले. पण त्या रात्री शौहर एवढेच म्हणाले, “तू डर गई क्या?” मी उत्तर दिले नाही. भीती होतीच. अर्ध्या अनुदानाची नोकरी माणसाला जितके घाबरवते तितके बेकारीही घाबरवत नसेल.

मुदत संपली त्या दिवशी मी गाडीतच होते. मूर्तिजापूरजवळ त्या महामार्गाचा तुकडा दिसतो, जो २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर बांधून गिनीज बुकात गेला. आपल्या भागात काम होत नाही असे म्हणणाऱ्यांना मी तो नेहमी दाखवते. त्या दिवशी दाखवायला शेजारी कुणी नव्हते.

रविवारची गर्दी चालूच आहे. आता तर मर्यादा पाच लाख झाली आहे आणि पांढऱ्या कार्डापर्यंत सगळी रेशन कार्डे योजनेत आली आहेत. तरी पिशव्या तशाच येतात. रेघ पुसली गेली, नावाचे चार शब्द राहिले.

गेल्या आठवड्यात बारावी होऊन बी.एस्सी. केलेली आमच्या शाळेची एक मुलगी आली. तिला याच अभ्यासक्रमाचा अर्ज करायचा आहे. म्हणाली, “बाजी, आप गए नहीं, तो मैं जाऊँ क्या?” मी म्हटले, आधी अर्ज भरू. तिने दाखला काढला. जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’. अक्षर ओळखीचे वाटले म्हणून चष्मा लावून पाहिले. माझेच होते, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातले, जेव्हा मला हे काही कळत नव्हते. मी तिला तिच्या आजोबांचे गाव विचारले. पातूरकडचे निघाले. तिकडचे कोतवाल बुक कुठे पाहायला मिळेल ते एका चिठ्ठीवर लिहून दिले, आणि मोबाईलवर अर्जाचे पहिले पान उघडले.

“आडनावात काय टाकू?” तिने विचारले.

“आधार दाखव,” मी म्हटले. “आणि पॅन. आणि दहावीची सनद. सगळे एका ओळीत ठेव.”